बोलता येणारी, पण वाचता न येणारी भाषा

सप्तापूर (धागाकर्ता)

माझ्या आयुष्याची पहिली नऊ वर्षे धारवाडात गेली. घरात मराठी, शाळा मराठी माध्यमाची आणि वाड्यात, दुकानात, खेळात सगळीकडे कन्नड, जिला आम्ही तेव्हा सरळ ‘कानडी’ म्हणत असू. चौथीच्या परीक्षेनंतर वडिलांची पुण्याला बदली झाली आणि ती भाषा माझ्याकडे जशी होती तशीच राहिली. आजही कोणी कन्नड बोलले की मला सगळे कळते आणि मी उत्तरही देतो; फक्त ते उत्तर नऊ वर्षांच्या मुलाच्या भाषेत असते. वाचता मात्र मला एक अक्षर येत नव्हते. बावन्नाव्या वर्षी, नोकरीतला ताण जरा कमी झाल्यावर, मी कन्नड लिपी शिकायला घेतली. या धाग्याचे निमित्त तेच आहे.

सुरुवात मुलांच्या पुस्तकापासून केली (तिकडेही त्याला अंकलिपीच म्हणतात). मला वाटले होते की भाषा येतेच आहे, तेव्हा पंधरा दिवसांत अक्षरे पाठ करून आपण थेट कथा वाचू लागू. तसे झाले नाही. देवनागरीच्या जोडाक्षरात पहिले अक्षर अर्धे होते आणि दुसरे पूर्ण राहते. कन्नडमध्ये पहिले अक्षर ऐटीत पूर्ण उभे राहते आणि दुसरे त्याच्या पायाशी लहान होऊन बसते. ‘सूर्य’ या शब्दातला रफार तर ‘य’च्याही पुढे येतो आणि दिसायला थेट कन्नड नऊच्या अंकासारखा असतो, त्यामुळे मी बरेच दिवस ‘सूय नऊ’ असे काहीतरी वाचत होतो. आपला रफार निदान डोक्यावर तरी बसतो. ‘द’ आणि ‘ड’ ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की ‘ओदु’, म्हणजे वाच, हा शब्द मी ‘ओडु’, म्हणजे पळ, असा वाचला आणि अंकलिपीतली ती मुलगी पुस्तक हातात घेऊन का पळते आहे, असा प्रश्न मला खरोखर पडला.

दोन पानांची पहिली गोष्ट वाचायला मला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात एक गोष्ट अशी घडली की तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मराठी वाचताना मला आवाज ऐकू येत नाही. शब्द नुसते दिसतात आणि अर्थ होऊन पुढे सरकतात. इंग्रजी मी कामापुरती, चाळल्यासारखी वाचतो. पण कन्नडचे एकेक अक्षर लावत, ओठ हलवत मी शब्दाच्या शेवटाला पोहोचलो की तो शब्द आमच्या घरमालकीण अज्जींच्या आवाजात उमटत असे. ‘ऊट’, म्हणजे जेवण, हा शब्द मी पहिल्यांदा न अडखळता वाचला तेव्हा दारात उभ्या राहून ‘तम्मा’ अशी हाक मारणाऱ्या अज्जी मला स्पष्ट ऐकू आल्या. मात्र त्याच्या पुढचाच शब्द परका निघाला. अज्जी जेवण झाले का हे विचारताना ‘आतु’ म्हणत आणि पुस्तकात ‘आयितु’ छापले होते. म्हणजे मी जी भाषा जन्मभर ‘येते’ असे सांगत आलो, ती पुस्तकात नव्हतीच.

तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की अनेक भाषांत वाढलेल्या माणसाला भाषा वारशाने मिळतात, पण वाचन असे वारशाने मिळत नाही. कोणत्या भाषेत आपण वाचक होणार हे लिपी, शाळा आणि घरात कोणाच्या हाती कोणते पुस्तक होते यांवर ठरते. धारवाडचेच उदाहरण घ्या. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी होती आणि ते कन्नडचे थोर कवी झाले. जी. ए. कुलकर्णी त्याच गावात राहिले, इंग्रजी शिकवत राहिले आणि त्यांनी कथा मराठीत लिहिल्या. १९७३चे ज्ञानपीठ बेंद्र्यांना मिळाले आणि त्याच वर्षीचा साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार जीएंना जाहीर झाला, जो त्यांनी पुढे परत केला. एकाच गावातली ही दोन मराठी घरे दोन भाषांच्या कपाटांत गेली.

‘वाचाल तर वाचाल’ ही आपली घोषणा कन्नडमध्ये करता येत नाही, कारण तिथे वाचण्याचा आणि जीव वाचण्याचा शब्द एक नाही. ‘ओदु’ म्हणजे मात्र वाचणेही आणि शिकणेही, त्यामुळे ‘तू किती वाचले आहेस’ आणि ‘तुझे शिक्षण किती झाले’ हे प्रश्न तिथे जवळजवळ एकच होतात. या अर्थाने मी कन्नडमध्ये आजवर अशिक्षितच होतो.

तुमच्यापैकी कोणाकडे अशी एखादी बोलता येणारी, पण वाचता न येणारी भाषा आहे का? असल्यास तिच्यामुळे तुमचे इतर भाषांतले वाचन बदलले का?

---

मांडवीतीर

आमच्याकडे हे उलटे होते, पण दुखणे तेच आहे. आम्ही गोव्यातले. घरात, अंगणात, देवळाच्या पायरीवर कोंकणी बोलली जाई आणि वाचन सगळे मराठीत होई. आई श्रावणात पोथी वाचायची ती मराठी, आरत्या मराठी, घरात येणारे वर्तमानपत्र मराठी. माझ्या आईने थोरल्या मामांना लिहिलेली पत्रे आमच्याकडे अजून आहेत. प्रत्येक पत्र ‘तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार’ असे सुरू होते आणि पुढची दोन्ही पाने स्वच्छ मराठीत आहेत. तेच दादा दारात आले की आईच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघत नसे. दोघांनी जन्मभर एकमेकांशी कोंकणीत भांडण केले आणि मराठीत ख्यालीखुशाली विचारली.

शेजारच्या ख्रिस्ती मावशींची कोंकणी आमच्याहून थोडी वेगळी असली तरी गप्पांना कधी अडचण आली नाही. त्यांचे प्रार्थनेचे पुस्तक मात्र रोमी लिपीत होते. त्यांना आमची पोथी वाचता येत नव्हती आणि आम्हाला त्यांच्या पुस्तकातली अक्षरे ओळखीची असूनही शब्द लागत नसत. लिपीचा हा खेळ गोव्यात जुना आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले, ते मराठीत होते आणि रोमी अक्षरांत होते. त्या वेळच्या नवख्रिस्ती श्रोत्यांना ते कानाला आपले आणि डोळ्याला परके वाटले असेल, असे मला नेहमी वाटते.

१९८७च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, तेव्हा मी महाविद्यालयात होते. त्या सुमारास पहिले कोंकणी पुस्तक हाती घेतले आणि कबूल करते की मला हसू फुटले. ‘म्हाका’, ‘कित्याक’ हे स्वयंपाकघरातले शब्द छापील पानावर पाहून कोणीतरी घरच्या कपड्यांत सभेला आल्यासारखे वाटले. त्या हसण्याची लाज मला फार नंतर वाटली. आज मी दोन्ही वाचते, पण विनोद कोंकणीत आणि दुःख मराठीत अधिक चांगले कळते. पोथ्यांतल्या सगळ्या सीता-द्रौपदी मराठीत रडल्या, हे त्याचे कारण असावे.

---

बदलीवाला

वरील दोन्ही लेखन आवडले, तरीही मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. अनेक भाषांत वाढण्याचे कौतुक करणाऱ्यांना बहुधा एक भाषा आधी पक्की मिळालेली असते. धागाकर्त्यांना मराठी मिळाली, मांडवीतीर यांनाही मिळाली. माझे वडील दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या नोकरीत होते. मी नागपूर, कोलकाता, हैदराबाद, पुन्हा नागपूर आणि शेवटी चेन्नई अशा ठिकाणी शिकलो. दुसरी आणि तिसरी भाषा दर वेळी बदलत गेली. एका शाळेत बंगाली अक्षरे गिरवून होतात न होतात तोच दुसऱ्या शाळेत तेलुगू गिरवायची वेळ आली, आणि तिथल्या शिक्षकांनी मला वर्गात शेवटच्या बाकावर बसवून ‘तू फक्त बघत राहा’ असे सांगितले. मी वर्षभर बघत राहिलो.

याचा परिणाम असा झाला की मला पाच भाषांत भाजी घेता येते आणि एकाही भाषेत कविता लागत नाही. इंग्रजी कादंबऱ्या मी पुष्कळ वाचतो, पण त्यांतला एखादा शब्द ऐकून मला कोणाचा आवाज येत नाही. धागाकर्त्यांच्या अज्जी वाचून मला हेवा वाटला, हे प्रामाणिकपणे सांगतो. मराठी वर्तमानपत्र मी वाचू शकतो. मराठी कादंबरीच्या तिसऱ्या पानावर मात्र मी दमतो, कारण माझी मराठी आईशी फोनवर बोलण्याएवढीच आहे आणि कादंबरीतली माणसे माझ्या आईसारखी बोलत नाहीत.

---

सराफा

बदलीवाला यांचे दुखणे खरे आहे, पण ते भाषा अनेक असल्याचे नसून एकही भाषा पुरेशी मुरू न दिल्याचे आहे, असे मला वाटते. मी इंदूरचा. आमच्याकडे मराठी आणि हिंदी एकाच लिपीत असल्याने लिपीची अडचण नव्हती, आणि म्हणूनच फसगत अधिक होती. ‘शिक्षा मंत्री’ हे हिंदी पाटीवर वाचून हा शिक्षा देणारा मंत्री असावा, असे मला लहानपणी वाटत असे. तसे वाटण्यास आमच्या शाळेतले वातावरण पोषकही होते. ‘यातायात’ हिंदीत वाहतूक आणि मराठीत जिवाची ओढाताण. डोळे तीच अक्षरे पाहतात आणि मनाला दर वेळी ठरवावे लागते की आपण आत्ता कोणत्या घरात आहोत. या सवयीने मला सावकाश वाचायला शिकवले.

धागाकर्त्यांनी धारवाडची दोन घरे सांगितली. आमच्या माळव्याकडे तर एकाच घरातले उदाहरण आहे. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. आईवडील तेच, घरातली मराठीही तीच. कोणाच्या हातात कोणते पुस्तक पडले, कोणते मित्र मिळाले आणि कोण कोणत्या गावी स्थिरावला, एवढ्यावर दोन भावांच्या भाषा ठरल्या असतील, तर आपल्यासारख्यांनी स्वतःला फार दोष देण्याचे कारण नाही.

---

सुरसागर

सराफा यांच्या ‘शिक्षे’ला बडोद्याहून जोड देतो. आमच्या घरी मराठी बोलली जाई आणि वर्तमानपत्र गुजराती येई, कारण ते अर्ध्या तासाने लवकर पोहोचत असे. आजीला गुजराती बोलता येत असे पण वाचता येत नसे, त्यामुळे तिला मथळे वाचून दाखवण्याचे काम आठ वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे होते. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेषा काढून घेतलेली देवनागरी, असे आम्हा मराठी मुलांना वाटे आणि काही अक्षरे सोडली तर त्यावर काम भागेही.

एके दिवशी ओळखीच्या एका व्यापाऱ्याविषयी बातमी आली आणि मथळ्यात ‘आपघात’ हा शब्द होता. मी तो आजीला ‘अपघात झाला’ असा वाचून दाखवला. आजी संध्याकाळी त्यांच्या घरी समाचाराला गेली आणि गाडी कोणाची होती, कोठे धडकली, असे विचारू लागली. गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या. आपल्या अपघाताला तिथे ‘अकस्मात’ म्हणतात, जो आपल्याकडे नुसता ‘अचानक’ असतो. आजी घरी परतली तेव्हा ती मला रागावली नाही. ती काही न बोलता देवघरात जाऊन बसली. त्या दिवसानंतर मी कोणत्याही भाषेतला ओळखीचा शब्द एकदम ओळखीचा मानलेला नाही. पुढे माझे पोट मुद्रितशोधनावर चालले, ते या सवयीवरच.

बडोद्याचा विषय निघालाच आहे तर सयाजीराव महाराजांची आठवण काढली पाहिजे. १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आणलेला बारा वर्षांचा मुलगा निरक्षर होता. त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे लिहिणे-वाचणे जवळजवळ एकदमच शिकावे लागले. बदलीवाला यांना शेवटच्या बाकावरून जे दिसले, ते या मुलाने राजवाड्यातल्या पहिल्या बाकावरून पाहिले, हा फरक मान्य आहे. पण पुढे याच राजाने १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१०मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून वाचनालयांचे जाळे विणायला घेतले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला अक्षरांची किंमत जरा अधिक कळली असावी, असे मला आपले वाटते.

---

गिरणाकाठ

आपण सगळे भाषांविषयी बोलत आहात, म्हणून बोलीविषयी लिहावे की नाही अशा संकोचात होतो. माझ्या घरात अहिराणी होती. सरकारी कागदावर माझी मातृभाषा मराठी असल्याने मी एकभाषिक ठरतो, पण पहिलीच्या वर्गात बसलो तेव्हा पुस्तकातली मराठी मला तितकीच नवी होती जितकी धागाकर्त्यांना ‘आयितु’ नवी वाटली. अहिराणीत ‘माझा’ला ‘मना’ म्हणतात. शाळेत मनाचे श्लोक पाठ करून घेत, तेव्हा ‘मना सज्जना’ म्हणजे ‘माझ्या सज्जना’ असे मी दोन वर्षे समजत होतो आणि समर्थ आपल्या एखाद्या मित्राला हाक मारत आहेत, असे वाटून मला ते फार आवडत. अर्थ कळल्यावर थोडी निराशाच झाली.

आमच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची गाणी त्या गेल्यानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ते पुस्तक मी माझ्या आईला वाचून दाखवले. त्यातली बोली नेमकी आमची नाही, तरी आई मध्येच थांबवून म्हणाली की हे तर बोलणेच आहे, यात वाचायचे काय? मी पुढे मराठीचा शिक्षक झालो आणि ‘शुद्ध बोल’ असे मुलांना सांगण्याचे पाप माझ्याही हातून झाले आहे. आता मुले घरच्या शब्दात वाक्य सांगतात, मी ते फळ्यावर तसेच लिहितो आणि त्याच्या शेजारी पुस्तकातले रूप लिहितो. एवढ्याने वर्गातली शांत मुले बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

---

ऱ्हाइनकाठची आई

गिरणाकाठ यांचा प्रतिसाद वाचून रात्री उशिरा लिहायला बसले आहे. आमची मुलगी जर्मनीत जन्मली, शाळेत जर्मन वाचते आणि आमच्याशी मराठी बोलते. आठव्या वर्षी आम्ही तिला देवनागरी शिकवली. जर्मनमध्ये छापलेले प्रत्येक अक्षर बहुधा उच्चारायचे असते, म्हणून ती ‘सरबत’ हा शब्द चारही अक्षरांना पुरेपूर न्याय देत ‘स-र-ब-ता’ असा वाचत असे. ‘आई, तुम्ही अर्धी अक्षरे खाता’ ही तिची तक्रार होती आणि तिला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. इथे जोडाक्षर अर्धे लिहायचे आणि उच्चारात अर्धे झालेले अक्षर पूर्ण लिहायचे, हे नियम मी स्वतः कधी शिकलेच नव्हते; मला ते फक्त येत होते.

खरी अडचण पुढे आली. गोष्टीत वाक्य होते, ‘राजाने नवे घर बांधले.’ ती थांबली आणि म्हणाली, घर एकच आहे ना, मग ‘बांधले’ का? आपण तर ‘बांधलं’ म्हणतो. तिच्या कानाला ‘बांधले’ म्हणजे अनेक वाडे. मी तिला सांगितले की पुस्तकात असे लिहितात. त्यावर तिने विचारले की मग पुस्तकातल्यासारखे बोलते कोण? मी नवऱ्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले आणि शेवटी आम्ही ‘बातम्या देणारे’ असे उत्तर दिले.

सध्या ती जर्मन पुस्तके एकटी, पलंगावर पडून वाचते आणि मराठी पुस्तक माझ्या शेजारी बसून मोठ्याने वाचते. कधीतरी ती मराठीही एकटी वाचील अशी माझी इच्छा आहे, आणि त्या दिवशी माझ्या शेजारची जागा रिकामी होईल हेही मला दिसते. बदलीवाला, तुमच्या आईंना फोनवर एखादी कादंबरी वाचून दाखवायला सांगून पाहाल का? तिसऱ्या पानावर दम लागला तर तो दोघांना लागेल.

---

बदलीवाला

आईला आज विचारले. तिने चष्म्याचा नंबर वाढल्याची सबब सांगितली आणि मग विचारले की कोणती कादंबरी. रविवारपासून सुरू करणार आहोत.

---

सप्तापूर (धागाकर्ता)

ऱ्हाइनकाठच्या ताई, तुमच्या मुलीचे ‘बांधलं’ आणि माझ्या अज्जींचे ‘आतु’ ही एकाच दुखण्याची दोन नावे आहेत. मी मराठी छापील पाने पंचेचाळीस वर्षे वाचत आलो, पण ‘बांधले’ असे घरात कोणीच म्हणत नाही, हे मला तुमच्या मुलीने दाखवून दिले. कन्नड शिकायला घेतली नसती तर तिचा प्रश्न मी लहान मुलीचा प्रश्न म्हणून सोडून दिला असता. गिरणाकाठ सर, बोलीविषयी संकोच कशाला? अज्जींची धारवाडी कन्नडही बोलीच होती.

फोनवरच्या वाचनाची पद्धत आमच्याकडे आधीच सुरू आहे, हे सांगायचे राहून गेले होते. अज्जी आता नाहीत. त्यांची नात बंगळुरूत असते आणि दर रविवारी मी तिला फोनवर एक पान कन्नड वाचून दाखवतो. मी अजूनही ‘ओदु’चे ‘ओडु’ करतो आणि ती हसते. मला वाटत होते की ती गुरू आणि मी विद्यार्थी आहे, पण मागच्या रविवारी मी एका शब्दाशी अडलो आणि त्याचा अर्थ तिला विचारला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. तिची सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झाली आहे. कन्नड ती दिवसभर बोलते, पण पुस्तक म्हणून शेवटचे कन्नड पान तिने दहावीत वाचले होते. मग तिने कपाटावरचा अज्जींचा शब्दकोश काढला. मी शब्दातली अक्षरे एकेक करून सांगत होतो आणि ती पाने उलटत होती. ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या क्रमापाशी दोघांचाही गोंधळ झाला. शब्द सापडेपर्यंत माझा चहा गार झाला होता.